सिम तुमच्या नावावर, वापरतंय कोण? नोंदी जुळवून तपास कसा होतो

निफाड : तालुक्यातल्या ओझरला एचएएलचा कारखाना आहे, सुखोईसारखी लढाऊ विमानं तिथं बनली. ऑक्टोबर २०२० मध्ये याच कारखान्यातील एका कर्मचाऱ्याला विमानांची गोपनीय माहिती आयएसआयला पुरवल्याच्या आरोपावरून एटीएसने अटक केली. तेव्हा मोबाइलसोबत पाच सिमकार्डही जप्त झाली होती.

सिमकार्डावर तपास यंत्रणांचा एवढा डोळा का? कारण प्रत्येक सिममागे नोंद असते, आणि लाखो नोंदींतून कॉम्प्युटरने धागा शोधणे म्हणजेच डेटा मायनिंग. काटापावती, हिशोबपट्टी आणि बँकेचं पासबुक वेगवेगळं पाहिलं तर काही कळत नाही. शेजारी ठेवलं की कोणत्या गाडीचे पैसे राहिले ते लगेच दिसतं. तसंच हे.

२६/११ च्या हल्ल्याआधी डेव्हिड हेडली २००६ ते २००८ या काळात पाच वेळा भारतात येऊन मुंबईची पाहणी करून गेला. हल्ल्यानंतर मार्च २००९ मध्ये पुन्हा आला! व्हिसा, विमान प्रवास, हॉटेल, फोन, सगळ्याच्या नोंदी होत्या, पण प्रत्येक खात्याच्या दप्तरात वेगळ्या. पुढे त्याला अमेरिकेत अटक झाली. या अनुभवातूनच केंद्राने ‘नॅटग्रिड’ उभं केलं. बँक, रेल्वे, विमान, इमिग्रेशन, फोन यांच्या नोंदी गुप्तचर यंत्रणांना एका जागी पाहता याव्यात, हा त्याचा हेतू.

मात्र कॉम्प्युटर संबंध दाखवतो, गुन्हा नाही. बाजाराच्या दिवशी लासलगावच्या एका टॉवरवर किती मोबाइल असतील? त्यात संशयिताशेजारी भाजी घेणाराही येतो. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात देशाच्या सुरक्षेसाठी सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. ती फारच मोकळी आहे.

गावात खरी अडचण वेगळीच. आधारची झेरॉक्स कुठंही दिली जाते. तिच्यावर कुणी सिम काढलं, तर नोंद बोट दाखवणार आधारवाल्याकडे.

दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावरची सगळी सिम दिसतात. अनोळखी नंबरासमोर ‘माझा नंबर नाही’ असं नोंदवता येतं. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात. झेरॉक्स देताना तिच्यावर काम आणि तारीख लिहून सही करावी.