गॅलरीतली शेगडी

घर नव्यानं सजवायचं ठरलं, की पहिली कुऱ्हाड गॅलरीवर! शिवाजी पार्कच्या जुन्या इमारतींतही समुद्रावरचा वारा घेणाऱ्या कितीतरी गॅलऱ्या आता काचा अन् जाळ्या लावून बंद झाल्या आहेत. मग रविवारी तिथंच कोळशाची शेगडी पेटते. कणसं, वांगी, मुलांच्या हट्टाखातर कबाबसुद्धा!

पण मैत्रिणींनो, बंद गॅलरी म्हणजे खोलीच. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, मळमळतं. आपण म्हणतो, ‘पित्त झालं असेल.’

गॅलरी उघडी असली, तर वारा ठिणग्या उडवतो, अन् वरच्या मजल्यावर साड्या वाळत असतात. जवळच लोअर परळला, कमला मिलच्या आवारात, २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागून १४ जण गेले. अग्निशमन दलाच्या चौकशीत बोट होतं हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे.

तेव्हा वांगं गॅसवरच भाजा. जाळीला एक उघडती झडप ठेवा, किल्ली तिथंच खुंटीला असू द्या. धूर दिसताच १०१ फिरवा.

सासूबाई म्हणतील, ‘आमच्या वेळी शेगडीच होती!’ होती खरी. पण तेव्हा गॅलरीला काचा नव्हत्या.