पाण्याखालचे रान

भिलाईहून पश्चिमेकडे निघालेली आगगाडी डोंगरगड ओलांडून गोंदियास पोहोचते तेव्हा राज्य बदलते, परंतु खिडकीबाहेरचा देखावा बदलत नाही. धानाच्या बांध्या, मातीची पाळ आणि पाळीमागे तलाव. छत्तीसगडातील केवट व ढीमर आणि गोंदिया-भंडाऱ्याचे ढिवर पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर जगत आले आहेत.

पूर्व विदर्भातील असे अनेक तलाव गोंड राजवटीत कोहळी लोकांनी बांधले. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली, तलाव सरकारच्या ताब्यात गेले आणि त्यांची नित्याची निगा मागे पडली. दुसरा बदल माशांच्या बाबतीत घडला. रोहू, कटला व मृगळ हे वाहत्या पाण्यात अंडी घालणारे मासे. बंद तलावात ते सहसा प्रजनन करीत नाहीत. १९५७ साली कटक येथे हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्पवर्गीय माशांचे प्रजनन घडवून आणले. शोध मोठाच होता. मात्र त्यानंतर तलाव म्हणजे विकतचे बीज सोडून मासा काढण्याचे भांडे, अशी समजूत रूढ झाली. १९५९ मध्ये आयात झालेला गवत्या मासा तर पाणवनस्पतींवरच जगतो.

या वनस्पतींचे महत्त्व काय? मरळ मासा काठच्या पाणगवतात घरटे करतो आणि पिलांची राखण करतो. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांच्या पानांवर सूक्ष्म जीव वाढतात. तेच पिलांचे अन्न होय. पाण्याखालचे हे रान नाहीसे झाले की स्थानिक मासा बेघर होतो आणि ढिवरांच्या सहकारी संस्थेला दरवर्षी बीज विकत घ्यावे लागते.

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव परिसरात ढिवर मच्छीमार व मनीष राजनकर यांनी हे रान पुन्हा उभे करण्याचे काम हाती घेतले. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे वयस्क मच्छीमारांना ठाऊक होतेच. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की प्रथम बेशरम उपटावी लागते. ही परदेशी वनस्पती गुरे सहसा खात नाहीत, आणि तिची तुटलेली कांडीही ओलाव्यात रुजते. म्हणून ती मुळासकट खणून पाण्यापासून दूर टाकणे भाग असते. मग गुरांच्या पायांनी घट्ट झालेला तळ नांगरतात, कारण कठीण मातीत कोवळे मूळ शिरत नाही. पाऊस पडल्यावर चांगल्या तलावातून आणलेल्या वनस्पती चिखलात लावतात. काम कष्टाचे आहे, खर्चाचे फारसे नाही.

तलावाइतकेच त्याला मिळणारे ओहोळही महत्त्वाचे. पहिल्या पुराबरोबर मागूर व शिंगी उलट्या धारेने उथळ बांध्यांत चढतात आणि तेथे अंडी घालतात. ओहोळ बुजला की ही वाट बंद होते. अमेरिकेत फ्लोरिडातील किसिमी नदी १९६२ ते १९७१ या काळात सरळ कालव्यात कोंडण्यात आली; पाणथळी आटल्या, पक्षी व मासे घटले. जुनी वळणे मोकळी करण्याचे काम १९९९ मध्ये सुरू झाले आणि २०२१ मध्ये पुरे झाले. येथे एका ओहोळाचा गाळ काढण्यास कुदळ-फावडे पुरते.

तलावाच्या उथळ कडेला उगवणारे देवधान याच पाणथळीचे. छत्तीसगडात त्याला पसहर म्हणतात, आणि भाद्रपदातील खमरछठ व्रताला स्त्रिया नांगराविना पिकलेला हाच तांदूळ खातात.