जन्मनोंदीचे दप्तर आणि नागरिकांचा अधिकार : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना : जन्म प्रमाणपत्र मिळविताना पहिला प्रश्न अर्जाचा नसून, नोंद कोणत्या दप्तरात शोधावी हा असतो. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

नोंदीचे ठिकाण : जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 नुसार नोंद पालकांच्या रहिवासाच्या नव्हे, तर जन्माच्या ठिकाणी होते. अक्कलकोट तालुक्यातील मातेची प्रसूती सोलापूर शहरात झाल्यास नोंद महानगरपालिकेकडे असते. बीडहून आलेल्या ऊसतोड कुटुंबातील बालक माळशिरस तालुक्यात कोपीवर जन्मल्यास ती तेथील ग्रामपंचायतीकडे व्हावी लागते. रुग्णालयातील जन्माची माहिती तेथील प्रमुखाने, तर घरातील जन्माची कुटुंबप्रमुखाने 21 दिवसांत द्यावयाची असते. हंगाम संपून कुटुंब परतल्यास ही नोंद राहून जाण्याचा संभव असतो.

शोधाचा अधिकार : कलम 17 अन्वये कोणासही विहित शुल्क भरून नोंदीचा शोध करविता येतो व प्रमाणपत्र मागता येते. नोंद न आढळल्यास अनुपलब्धता प्रमाणपत्र मिळते. एक वर्ष उलटल्यावर नोंदणीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश आवश्यक ठरतो. 2023 च्या दुरुस्तीने हा अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांऐवजी जिल्हा, उपविभागीय अथवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला.

समारोप : 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, पारपत्र इत्यादींसाठी जन्मतारीख व जन्मस्थान याच प्रमाणपत्राने सिद्ध करावयाचे आहे. यास्तव स्थलांतरित कुटुंबाने गाव सोडण्यापूर्वीच नोंद करून विनाशुल्क मिळणारे पहिले प्रमाणपत्र सोबत नेणे हिताचे ठरते.