वैद्यकाचे ज्ञान गावाच्या हाती

छत्रपती संभाजीनगर येथे १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्याचे रुग्णालय 'घाटी' या नावाने मराठवाड्यात घरोघरी परिचित आहे. जुलाबाने सुकून गेलेले मूल अशा रुग्णालयात वाचते. परंतु ते ज्या गावी परत जाते तेथील पाणी दूषितच राहिले, तर काही दिवसांनी तेच मूल, किंवा त्याचे धाकटे भावंड, पुन्हा त्याच दारी आणावे लागते. रोग्यास बरे करणे हे डॉक्टरांचे निम्मे काम होय. उरलेले निम्मे काम गावात करावयाचे असते आणि ते गावकऱ्यांच्या सहकार्यावाचून होऊ शकत नाही.

हे काम कसे करता येते याचा उत्तम दाखला मराठवाड्याच्या सीमेलगतच्या जामखेड तालुक्यात पाहावयास मिळतो. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातील या अवर्षणग्रस्त तालुक्यात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या भागात १९७१ च्या सुमारास जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. यांतील बहुतेक मृत्यू जुलाब, धनुर्वात, श्वसनाचे विकार व कुपोषण यांसारख्या टाळता येण्याजोग्या कारणांनी होत.

आरोळे दांपत्याने गावकऱ्यांना त्यांची पहिली गरज विचारली. लोकांनी औषध मागितले नाही. पाणी आणि अन्न मागितले. त्यानंतर लवकरच १९७२ चा भीषण दुष्काळ पडला. तेव्हा प्रकल्पाने कूपनलिका खोदविण्याचे काम हाती घेतले. पिण्याच्या पाण्याच्या या जागा शक्य तेथे दलित वस्तीत निवडण्यात आल्या. त्यायोगे सर्व जातींच्या स्त्रिया एकाच पंपावर पाणी भरू लागल्या. जे कार्य व्याख्यानांनी साधले नसते, ते पाण्याने साधले. तरुण शेतकऱ्यांची मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. मुलांच्या आहाराची सोय, वृक्षलागवड, जमीन व पाणी यांची जोपासना ही कामे त्यांनी आपली मानली.

आरंभी गावोगावी प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा प्रयत्न झाला, परंतु परक्या गावात त्यांचा जम बसेना. तेव्हा गावातीलच स्त्रियांना शिकवावे असा विचार पुढे आला. निवडलेल्या स्त्रियांपैकी अनेक निरक्षर होत्या व कित्येक दलित समाजातील होत्या. त्या नियमितपणे जामखेडला येत, शिकत, आपल्या अडचणी मांडत आणि परत जाऊन गावास शिकवीत. गरोदर स्त्रीची काळजी, स्वच्छ बाळंतपण, मुलांचे वजन, लसीकरण, जुलाबावरील उपचार, क्षय व कुष्ठरोगाची ओळख ही सर्व कामे त्यांनी केली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस तेथील बालमृत्यूचे प्रमाण हजारी तिसाच्या आत आले. या कार्यासाठी दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला.

यातून डॉक्टर, परिचारिका व आरोग्य सेवक यांनी घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. आपले ज्ञान स्वतःजवळ राखून ठेवल्याने मान वाढतो, पण रोग हटत नाही. तेच ज्ञान सोप्या भाषेत गावाच्या हाती दिले, म्हणजे डॉक्टर येण्यापूर्वीच उपचार सुरू होतो. २००५ पासून ग्रामीण आरोग्य अभियानात नेमल्या जाणाऱ्या 'आशा' कार्यकर्त्या याच मार्गाने काम करतात. गावाने त्यांना साथ दिली पाहिजे.

ग्राम कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधुभगिनींनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) मुलास जुलाब लागताच आशा कार्यकर्तीकडून क्षारसंजीवनीची पुडी व जस्ताच्या गोळ्या घ्याव्यात. पुडी जवळ नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर व सपाट अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजावे. मिठाचे प्रमाण वाढवू नये. अंगावरचे दूध व नेहमीचा आहार बंद करू नये. मूल मलूल झाले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा.

(२) विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकण्यापूर्वी पाण्याचे माप काढावे. गोल विहिरीचा व्यास व पाण्याची खोली मीटरमध्ये मोजावी. व्यासास व्यासाने गुणावे, त्यास खोलीने व नंतर ७८५ ने गुणावे. येणारी संख्या म्हणजे लिटर. व्यास ३ मीटर व पाणी २ मीटर असेल, तर १४,१३० लिटर पाणी होते. हे माप दाखवून आरोग्य सेवकाकडून मात्रा ठरवून घ्यावी आणि पावडर टाकल्यावर एक तास पाणी उपसू नये.

(३) सांडपाणी दारापुढे साचू न देता शोषखड्ड्यात अथवा परसबागेस द्यावे. परसात शेवगा, पालक, मेथी लावल्यास मुलांच्या ताटात भाजी येते आणि डासांची पैदासही घटते.

(४) ग्रामसभेत बियाणे व पाणी यांच्याबरोबर लसीकरण, गरोदर माता व कुपोषित बालके यांचाही आढावा घ्यावा.

पैठण असो, कन्नड असो वा सोयगाव, प्रत्येक तालुक्यात शिकावयास उत्सुक अशी माणसे आहेत. डॉक्टरांनी त्यांना विश्वासाने शिकवावे आणि गावाने ते ज्ञान आचरणात आणावे. पीक रोगाने गेले तर पुढल्या हंगामी पुन्हा पेरता येते. दगावलेले मूल परत येत नाही.