जाड भिंतीचा भरवसा

अणुहल्ल्याचा विषय निघाला की डोळ्यांपुढे सिनेमातला बंकर येतो: जमिनीखाली खोली, पोलादी दार, आत वर्षभराचा शिधा. असा निवारा बॉम्ब झेलतो, हा पहिला गैरसमज. 1961 साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडींनी ज्या निवाऱ्यांसाठी लोकांना हाक दिली, त्यांचा रोख स्फोटापेक्षा नंतर खाली बसणाऱ्या किरणोत्सारी धुळीवर होता. ही धूळ छपरावर, अंगणात साचते आणि तिच्यातले गॅमा किरण भिंतीतून आत शिरतात. त्यांना अडवते ते भिंतीचे आणि छपराचे वजन. सुमारे 6 सेंमी काँक्रीट किंवा 9 सेंमी दाबलेली माती किरणांची तीव्रता निम्म्यावर आणते.

या हिशेबाने 1993 पूर्वीचे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीतले घर झकास निवारा ठरले असते. दोन-तीन फुटी दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. पावसाळ्याआधी गळती थांबवायला आणखी माती टाकायची, म्हणजे छप्पर वर्षागणिक जड. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून गाव झोपले असताना, 6.2 तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला आणि याच घरांनी माणसे गाडली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. भिंत बाहेरून एकसंध दिसे, पण आतून ती दोन पदरांची. मध्ये मातीगोट्यांचा भराव, दोन्ही पदरांना जोडणारा आरपार दगड क्वचितच. हादऱ्याने पदर सुटले आणि माळवद खाली आले.

दगडी घर म्हणजे पक्के घर, हा समज तिथेच मोडायला हवा होता. आणखी एक समज दख्खनच्या पठाराचा: इथली जमीन हलत नाही म्हणे. किल्लारीला 1992 पासूनच धक्के जाणवत होते, पण भूकंप विभागांच्या नकाशावर लातूर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होते. 2002 च्या नकाशात ते तिसऱ्या विभागात गेले.

म्हणजे एका संकटात तारणारे घर दुसऱ्यात मारते. भूकंपानंतर लोक ज्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, ते हादऱ्याला बरे. किरणोत्सारी धुळीपुढे मात्र कुचकामी. पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात, उतरून बसू, असे कुणाला सुचले तर तेही नको. पेव उघडल्या-उघडल्या आत उतरायचे नसते, कोंडलेल्या हवेत जीव गुदमरतो, हे जुन्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. निवाऱ्याला हवा लागते.

किरणोत्सार म्हणजे आता वर्षानुवर्षे कोंडून घेणे, असेही लोकांना वाटते. स्फोटानंतरच्या धुळीची तीव्रता वेळ सातपट झाला की साधारण दहा पटींनी घटते. तासाभराने जी असते, तिचा दहावा हिस्सा सात तासांनी आणि शंभरावा हिस्सा दोन दिवसांनी उरतो. म्हणून पहिले दोन दिवस आत राहणे सर्वांत मोलाचे. आयोडीनची गोळी सगळ्या किरणांवर चालते, हेही खरे नाही. ती फक्त थायरॉइड ग्रंथीला किरणोत्सारी आयोडीनपासून जपते.

नागरी संरक्षण म्हणजे युद्धातला भोंगा आणि ब्लॅकआउट, हा समज मात्र निराधार नाही. 1965 आणि 1971 च्या युद्धांत मुंबईत खिडक्यांना काळे कागद लागले होते. 1968 चा नागरी संरक्षण कायदाही शत्रूच्या हल्ल्यापुरताच होता. किल्लारी कोसळली तेव्हा त्यात भूकंपाला जागा नव्हती. ती 2009 च्या दुरुस्तीने मिळाली. माझ्या मते हे फार उशिरा झाले. 7 मे 2025 च्या देशव्यापी सरावासाठी महाराष्ट्रातली 16 ठिकाणे निवडली होती, त्यांत लातूर नव्हते.

तरी 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आराखडा ठेवावाच लागतो. पुढच्या ग्रामसभेत तो मागा. आणि घर बांधत असाल तर जोत्याला आणि लिंटेलला भूकंपात भिंती बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा घालणार आहे का, हे गवंड्याला भिंत उभी राहण्याआधी विचारा.