पट्टा का ओरडतो?

कडबाकुट्टी, मळणी यंत्र किंवा पिठाची गिरणी सुरू करताच पट्टा कर्कश ओरडू लागला, की पुष्कळ जण त्यावर एखादे चिकट द्रव्य चोळतात. आवाज थांबतो, पण रोग तसाच राहतो. पट्टा पुलीवर घसरतो आहे, एवढाच त्या आवाजाचा अर्थ असतो.

पूर्वी कारखान्यांत चामड्याचे सपाट पट्टे असत. 1917 साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे जॉन गेट्स यांनी रबर आणि कापडाचा, व्ही आकाराचा पट्टा तयार केला. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर रुतावी, तसा हा पट्टा पुलीच्या खाचेत रुततो. ताण वाढला की त्याच्या तिरक्या बाजू खाचेच्या भिंतींवर अधिक जोराने दाबल्या जातात. खाचेचा कोन 38 अंश असेल, तर पकड सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट होते.

या तिपटीचा परिणाम मोठा आहे. घर्षणांक 0.3 असून पट्ट्याने अर्धी पुली वेढली असेल, तर सपाट पट्ट्याच्या घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या अडीच पटीपर्यंत जाऊ शकतो; त्यापुढे तो घसरतो. व्ही पट्ट्यात हेच प्रमाण सुमारे 18 पट होते. म्हणूनच बोटभर रुंदीचा पट्टा अख्खे यंत्र फिरवतो.

ही पकड बाजूंची असते, तळाची नव्हे. खाच झिजली की पट्टा खाली उतरून तळाला टेकतो आणि पाचरीचा गुण संपतो. पुलीच्या खाचेचा तळ चकाकू लागला असेल, तर नवा पट्टा घालूनही उपयोग नाही. पुलीच बदलावी लागते. पट्टा घसरला की उष्णता निर्माण होते, उष्णतेने रबर कडक आणि गुळगुळीत होते आणि गुळगुळीत पट्टा आणखी घसरतो.

तपासणीपूर्वी मुख्य खटका बंद करून फ्यूज काढावा. आतल्या बाजूला आडव्या भेगा, सुटलेले धागे, काचेसारखी चकाकी किंवा तेलाचे डाग आहेत का, ते पाहावे. पट्ट्याची एकच बाजू झिजली असेल, तर दोन्ही पुली एका रेषेत नाहीत असे समजावे. सरळ पट्टी टेकवून ते लगेच कळते.

नवा पट्टा जुन्यावरचा क्रमांक पाहूनच घ्यावा. बी 52 म्हणजे वरची रुंदी 17 मिलिमीटर आणि आतला घेर 52 इंच. पट्टा पेचकसाने उचकटून चढवू नये, आतले ताणधागे तुटतात. मोटारीचे बोल्ट सैल करून ती पुढे सरकवावी, पट्टा घालावा आणि मग ताण द्यावा. पुलींमधल्या मोकळ्या भागाची लांबी एक मीटर असेल, तर ठरलेल्या जोराने मधोमध दाबल्यावर पट्टा साधारण 16 मिलिमीटर दबावा. फार घट्ट पट्टा बेअरिंग खातो. नवा पट्टा सुरुवातीला थोडा ताणला जातो, म्हणून दिवसभर चालवल्यावर ताण पुन्हा तपासावा. शेजारी-शेजारी दोन-तीन पट्टे असतील, तर सगळे एकदमच बदलावेत. नाहीतर नव्यावरच सारा भार येतो.

आणि पट्ट्यावरची जाळी परत बसवल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. जी पकड यंत्र फिरवते, तीच पदर, ओढणी आणि हातही आत ओढते.