रेटिनॉइड आणि उपचारांना दाद न देणारी कर्कपेशी

कर्कपेशीचा थेट नाश करण्याऐवजी तिला परिपक्व होण्यास भाग पाडता येईल काय? या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील द्रव्यांनी, म्हणजे रेटिनॉइडांनी, दिले आहे.

ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात १५ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून निर्माण होणारे विकृत प्रथिन श्वेतपेशींची वाढ अपक्व अवस्थेतच रोखते. ऑल-ट्रान्स रेटिनोइक आम्ल हा अडथळा दूर करते. पेशी पक्व होऊन आपले आयुष्य पूर्ण करते. शांघायचे डॉ. वांग झेन-यी व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये २४ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८ जणांत आधीची केमोथेरपी निष्प्रभ ठरली होती. सर्वांना पूर्ण उपशम मिळाला. एकास मात्र केमोथेरपीच्या औषधाची जोड द्यावी लागली.

तथापि केवळ या आम्लावर मिळालेला उपशम बहुधा टिकत नाही. शरीर त्याचे विघटन उत्तरोत्तर वेगाने करते, पेशीतील एक बंधक प्रथिन त्यास अडकवून ठेवते आणि काही रुग्णांत रिसेप्टरची घडणच बदलते. कृत्रिम रेटिनॉइडांचे प्रयोजन येथे आहे. टॅमिबॅरोटीन त्या बंधक प्रथिनाला फारसे चिकटत नाही व रासायनिकदृष्ट्या अधिक स्थिर आहे. पुन्हा उद्भवलेल्या किंवा उपचारांना दाद न देणाऱ्या याच रोगासाठी जपानने २००५ मध्ये त्यास मान्यता दिली. फेनरेटिनाइडचा मार्ग निराळा आहे. ते पेशीला पक्व करण्यापेक्षा तिचा मृत्यू घडवते. रेटिनोइक आम्लाला न जुमानणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा पेशीही प्रयोगशाळेत त्याने मेल्या. परंतु तोंडावाटे त्याचे शोषण अल्प होते, हा मोठा अडसर आहे.

आपल्या व्यवसायाशी याचा संबंध कोठे येतो? रेटिनोइक आम्ल घेणाऱ्या ल्युकेमियाच्या रुग्णास ज्वर, श्वासकष्ट, सूज व वजनवाढ दिसल्यास तो श्वास किंवा शोथ समजून चिकित्सा करीत बसू नये. हा डिफरन्शिएशन सिंड्रोम असू शकतो व तो प्राणघातक ठरतो. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. फेनरेटिनाइडमुळे रातांधळेपणा येऊ शकतो, म्हणून औषधांची चौकशी केल्याविना ‘अ’ जीवनसत्त्व देऊ नये. ते इतर रेटिनॉइडांसोबत दिल्यास विषार वाढतो.

आज याच रोगात रेटिनोइक आम्लाबरोबर आर्सेनिक ट्रायऑक्साइड शिरेवाटे देतात. त्यावरून मल्लकल्प देण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. तेथे मात्रा वजनानुसार ठरते, हृदयालेख व रक्तातील क्षार वारंवार तपासले जातात. ही देखरेख आपल्या चिकित्सालयात शक्य नसते.

औषधविक्रेत्यांनीही ध्यानी ठेवावे की, मुरुमांसाठी मिळणारे आयसोट्रेटिनोइन याच कुळातील आहे. गर्भावस्थेत ते घेतल्यास गर्भात गंभीर व्यंग निर्माण होते. चिठ्ठीवाचून ते कोणासही देऊ नये.

द्रव्य ‘जीवनसत्त्वाच्या कुळातील’ आहे, एवढ्यावरून ते निरुपद्रवी ठरत नाही. योग्य योजनेने विषही औषध होते आणि अयोग्य योजनेने औषधही विष होते, हे आपल्या शास्त्राचेच सांगणे आहे.